मकर राशीतील एका ताऱ्याचा वारसा

आश्विन महिन्यात पावसाळी ढग पांगून आकाश स्वच्छ झाले, म्हणजे रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहणाऱ्यास क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर मकर राशीचा बोथट, पसरट त्रिकोण दिसतो. त्याच्या खालच्या कडेवर, पूर्वेच्या अंगाला, एक मंद पिवळसर तारा आहे. त्याची दृश्य प्रत ३.७ असल्यामुळे खेडेगावच्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांना सापडतो आणि शहरातील दिव्यांच्या उजेडात पार हरवून जातो. सत्तावीस नक्षत्रांच्या योगताऱ्यांत त्याची गणना नाही. पाश्चात्त्य तारकापत्रकांत तो झीटा कॅप्रिकॉर्नी या नावाने नमूद आहे. सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर असलेला हा तारा सूर्यापेक्षा शेकडो पट तेजस्वी असा पिवळा राक्षसी तारा आहे. असे तारे आकाशात पुष्कळ असल्याने एवढ्यावरून कोणी त्याची मुद्दाम दखल घेतली नसती. पण त्याच्या प्रकाशात, मृत झालेल्या दुसऱ्या एका ताऱ्याचा दाखला आजही वाचता येतो, आणि तो ज्या रीतीने वाचला गेला ती हकीकत मला आधुनिक ज्योतिषातील अत्यंत सुंदर हकीकतींपैकी एक वाटते.

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून अथवा जाळीतून पसरवला असता जो वर्णपट मिळतो, त्यात ठिकठिकाणी बारीक काळ्या रेषा असतात, आणि प्रत्येक रेषा ताऱ्याच्या वातावरणातील कोणत्या ना कोणत्या मूलद्रव्याची साक्ष देते. विल्यम बिडेलमन आणि फिलिप कीनन या अमेरिकन ज्योतिर्विदांनी १९५१ साली काही मोजक्या राक्षसी ताऱ्यांचे वर्णपट एकत्र अभ्यासले, तेव्हा निळ्या भागातील ४,५५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा त्यांना विलक्षण ठळक आढळली. एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या बेरियमच्या अणूची ही रेषा. आता, मेघनाद साहा यांनी १९२० साली दाखवून दिले होते की अणूंपैकी किती हिस्सा आयनीभूत होईल हे उष्णतेवर आणि दाबावर अवलंबून असते. राक्षसी ताऱ्यांचे वातावरण विरळ असल्याने अशा रेषा तेथे मुळातच थोड्या जोरकस असावयाच्या. परंतु तेवढ्याच उष्णतेच्या आणि तेवढ्याच तेजाच्या इतर ताऱ्यांशी ताडून पाहिले तरीही जो आधिक्याचा आकडा शिल्लक राहिला, त्याचा हिशेब साहांच्या समीकरणाने लागेना. या ताऱ्यांत बेरियम खरोखरीच जास्त होते. झीटा कॅप्रिकॉर्नी त्यांतलाच एक, आणि पुढे ‘बेरियम तारे’ या वर्गाचा तो नमुनाच ठरला.

पोटाच्या विकारात क्ष-किरणांचे चित्र काढण्यापूर्वी रोग्याला जे पांढरे, खडूच्या पाण्यासारखे पेय घ्यावयास लावतात, त्यातील हे बेरियम. त्याचा अणुक्रमांक ५६. हलकी अणुकेंद्रे एकमेकांत मिसळून ऊर्जा मिळवण्याचा ताऱ्यांचा व्यवहार लोखंडाच्या आसपास, म्हणजे क्रमांक २६ च्या जवळ, संपुष्टात येतो. त्यापुढची मूलद्रव्ये घडण्यास निराळा मार्ग लागतो, आणि मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या विस्तृत निबंधात त्याची मांडणी केली. मध्यम वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात फुगून तांबडा झाला, म्हणजे त्याच्या पोटात हेलियम जळणाऱ्या थराजवळ मोकळे न्यूट्रॉन सुटू लागतात. लोखंडाची केंद्रे ते एकेक करून, दोन ग्रहणांमध्ये पुष्कळ अवधी ठेवून, गिळतात आणि पायरीपायरीने जड होत बेरियमपर्यंत व त्याच्याही पलीकडे जातात. मग आतील खळबळीने हा माल पृष्ठावर येतो. पॉल मेरिल यांना १९५२ साली अशा म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यांत टेक्नेशियम सापडले. या मूलद्रव्याचा एकही प्रकार स्थिर नाही, आणि तेथे तयार होणाऱ्या प्रकाराचे अर्धायुष्य अवघे दोन लक्ष वर्षांचे. तेव्हा ते त्या ताऱ्यांतच, नुकतेच घडलेले असले पाहिजे, हे निर्विवाद ठरले.

येथे अडचण उभी राहिली. आपला पिवळा तारा त्या अंतिम अवस्थेला अद्याप पोहोचलेलाच नाही. ज्या भट्टीत बेरियम घडते ती भट्टी त्याच्या उदरात अजून पेटलेली नाही, आणि बेरियम ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमचा मागमूस नाही. म्हणजे माल आहे, पण तो ताजा नाही आणि घरचाही नाही.

उलगडा १९८० साली दोन दिशांनी झाला. कॅनडातील व्हिक्टोरिया येथील डोमिनियन वेधशाळेत रॉबर्ट मॅक्‌क्लूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम ताऱ्यांच्या वर्णरेषा वर्षानुवर्षे मोजल्या. तारा आपल्या दिशेने येत असेल तर रेषा निळ्याकडे आणि दूर जात असेल तर तांबड्याकडे किंचित सरकतात, आणि ही सरक या ताऱ्यांत इतक्या सर्रास आढळली की, ते बहुतेक सारेच कोणा अदृश्य सोबत्याभोवती फिरत आहेत, असा निष्कर्ष काढणे भाग पडले. झीटा कॅप्रिकॉर्नीची एक प्रदक्षिणा सुमारे साडेसहा वर्षांची आहे. त्याच वर्षी एरिका ब्योम-व्हिटेन्से यांनी १९७८ साली अवकाशात सोडलेल्या आंतरराष्ट्रीय जंबुपार वेधयानाच्या साह्याने त्याचा जंबुपार वर्णपट तपासला. पिवळ्या ताऱ्याचे तेज त्या भागात क्षीण होत जाते; तरीही तेथे प्रकाश उरला होता, आणि तो वीस हजार अंशांहून अधिक तापलेल्या एका श्वेतबटूचा होता. दृश्य प्रकाशात राक्षसी ताऱ्याच्या झगझगाटापुढे लोपून गेलेला सोबती असा प्रथमच प्रत्यक्ष हाती लागला.

पूर्वी या जोडीतला वजनदार तारा तो होता, आणि म्हणूनच तो लवकर म्हातारा झाला. त्याने बेरियम घडवले, पृष्ठावर आणले, आणि मग मंद वाऱ्याच्या रूपाने आपले बाह्य आवरण अवकाशात सोडून दिले. त्यातला थोडासा अंश शेजारच्या, तेव्हा अजून तरुण असलेल्या ताऱ्यावर येऊन पडला. देणारा आकसून श्वेतबटू झाला, टेक्नेशियम क्षय पावून नाहीसे झाले, आणि स्थिर असलेले बेरियम घेणाऱ्याच्या दप्तरी कायम राहिले. पुढे तो स्वतः फुगून पिवळा राक्षसी झाला, तेव्हा हा वारसा त्याच्या साऱ्या आवरणात मिसळला; मिसळूनही तो ओळखता येतो, यावरून मूळ ठेव किती मोठी असेल याची कल्पना करावी.

एक कज्जा मात्र अद्याप निकालात निघालेला नाही. श्वेतबटू होण्यापूर्वी तो तारा सूर्याच्या शेकडो पट फुगलेला होता. इतक्या निकटच्या, इतक्या विस्तीर्ण ताऱ्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीने जोडीची कक्षा वर्तुळाकार व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात कित्येक बेरियम ताऱ्यांच्या कक्षा लांबट आहेत, आणि झीटा कॅप्रिकॉर्नीचीही तशीच आहे. आवरण सुटताना श्वेतबटूला एखादा हलका धक्का बसला असावा, असे काही अभ्यासक मानतात; जोडीभोवती काही काळ वायूचे कडे फिरत राहिले आणि त्याने कक्षा ताणली, असे दुसरे म्हणतात. दोन्ही पक्षांची गणिते चालू आहेत, आणि ज्या जोड्यांना एक फेरी पुरी करण्यास दशकामागून दशके लागतात, त्यांच्या कक्षा मोजण्यासाठी वेधकर्ते आजही त्याच रेषांची सरक नोंदवीत आहेत.