आईचा फोटो आणि लेन्सची करामत

आमच्या बोईसरच्या खोलीत आईचा फोटो लावला आहे. पाहुणे तो पाहून विचारतात, "आजी शेवटी फार आजारी होत्या का?" तशी ती आजारी नव्हती. फुगलेले नाक, मागे दडलेले कान, ओढलेले गाल हे सारे माझे काम. मी मोबाईल तिच्या तोंडासमोर जेमतेम फूटभरावर धरून बटण दाबले होते. ती २०१९ मध्ये गेली. तिचा एकटीचा दुसरा फोटो नाही.

बरीच वर्षे मी दोष लेन्सला देत होतो. पण खरा दोष अंतराचा होता. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण पाच इंच धरा. कॅमेरा बारा इंचांवर असेल तर कान सतरा इंचांवर पडतो. म्हणजे नाकाच्या मानाने तो सत्तर टक्केच दिसतो. तोच कॅमेरा सहा फुटांवर नेला, की कान चौऱ्याण्णव टक्के दिसतो आणि चेहरा आपल्या ओळखीचा होतो.

मग लेन्सचा संबंध काय? रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे. तिला ५० मिलिमीटरची लेन्स साधारण, २८ ची रुंद. चेहऱ्यासाठी ८५ ते १०५ ची वापरत. आकडा मोठा तितके दृश्य अरुंद, म्हणून फोटोवाला आपोआप मागे सरके. मोबाईलची मुख्य लेन्स त्या हिशेबाने २४ ते २८ च्या आसपास, म्हणजे रुंद. चेहरा मोठा यावा म्हणून आपण पुढे जातो आणि फसतो.

पडद्यावर बोटांनी झूम करणे हा उपाय अर्धाच. मोबाईलला दूरची वेगळी लेन्स असेल तर ठीक, नाहीतर तो चित्र नुसते कापून मोठे करतो. मोठी प्रत काढली की चेहरा पिठासारखा दिसतो. (लेन्सवरचा बोटाचा तेलकट डाग मऊ सुती फडक्याने पुसावा. निम्मे धुरकट फोटो त्यामुळेच येतात.)

रुंद लेन्स वाईट मात्र नव्हे. माणूस आणि त्याचे काम एकत्र दाखवायचे तर तीच हवी. सुधारक ओलवे यांचे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो जरूर पाहा. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत माणसाइतकेच त्याच्या भोवतालाला महत्त्व आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत सहा फूट मागे कुठे जाणार? दार उघडून गॅलरीत जावे. माणसाला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवावे. पाठीशी उजेड असला की चेहरा काळा पडतो.

वडील आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. गेल्या रविवारी त्यांना असेच बसवले. "पुरे की रे आता," म्हणत होते, तरी दहा फोटो काढले. दोन चांगले आले. एकाची प्रत पालघरच्या बहिणीला दिली.