बिटर्सच्या दुर्मीळ बाटल्या : संकलन आणि ओळख

प्रस्तावना
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत मुळ्या, साली व वनस्पती मद्यार्कात मुरवून तयार केलेले कडू अर्क ‘बिटर्स’ या नावाने औषध म्हणून विकले जात. अपचनापासून हिवतापापर्यंत अनेक व्याधींवर ते गुणकारी असल्याचा दावा उत्पादक करीत. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने औषधातील मद्यार्काचे प्रमाण लेबलवर नमूद करणे बंधनकारक केले आणि या व्यवसायाला उतरती कळा लागली. मात्र त्याच्या बाटल्या आज संग्राहकांप्रमाणेच इतिहासाच्या अभ्यासकांनाही मोलाच्या वाटतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या ओळखीच्या निकषांचा विचार केला आहे.

आकार व अक्षरे
‘ड्रेक्स प्लांटेशन बिटर्स’ ची बाटली ओंडक्यांच्या झोपडीच्या आकाराची आहे. तिच्यावर १८६० व १८६२ ही वर्षे उठावदार अक्षरांत आढळतात. यांपैकी १८६२ हे एकस्वाचे वर्ष होय. तेच बाटलीच्या निर्मितीचे वर्ष मानणे चुकीचे ठरते. कारण तोच मजकूर असलेल्या बाटल्या पुढेही अनेक वर्षे तयार होत राहिल्या. म्हणून अभ्यासक दर्शनी भागावरील ओंडक्यांची संख्या मोजून त्यांचे उपप्रकार ठरवितात. ‘नॅशनल बिटर्स’ ची बाटली मक्याच्या कणसासारखी, तर ‘ब्राऊन्स सेलिब्रेटेड इंडियन हर्ब बिटर्स’ ची अमेरिकी आदिवासी स्त्रीच्या आकाराची आहे.

निर्मितीच्या खुणा
कालनिर्णयासाठी अक्षरांपेक्षा काचेवरील खुणा अधिक विश्वसनीय असतात. गरम बाटली धरण्यासाठी तळाला चिकटविलेला लोखंडी दांडा तोडल्यावर राहणारा व्रण सामान्यतः १८६० च्या दशकापर्यंतच्या बाटल्यांवर आढळतो. त्यानंतर बाटली चिमट्यासारख्या साधनात धरली जाऊ लागली. हाताने घडविलेल्या तोंडाच्या बाटलीत साच्याची जोडरेषा तोंडाच्या कडेपूर्वीच लुप्त होते. मायकेल ओवेन्स यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वयंचलित यंत्रावर तयार झालेल्या बाटलीत मात्र ती कडेवरूनही जाते. अशी जोडरेषा असलेली ‘१८६२ ची’ बाटली ही उघडच नंतरची प्रतिकृती होय.

दुर्मीळता आणि रंग
प्राचीनता म्हणजे दुर्मीळता नव्हे. ड्रेक्सची पिंगट बाटली तुलनेने सहज मिळते. त्याच आकाराची हिरवी बाटली मात्र क्वचितच आढळते. किंमत रंगावर अवलंबून असल्याने येथेच फसवणुकीला वाव मिळतो. मँगनीजयुक्त रंगहीन काच सूर्यप्रकाशात दीर्घकाळ राहिल्यास जांभळट होते. हाच बदल किरणोत्साराने अल्पावधीत व अधिक गडद करता येतो. अशा बाटलीचे मूल्य वाढल्याचा आभास होतो, परंतु तिचे मूळ स्वरूप लोपते.

निष्कर्ष
एकाच खुणेवरून निर्णय न करता आकार, अक्षरे, तळ, तोंड, रंग व नैसर्गिक झीज यांची एकत्रित पडताळणी आवश्यक ठरते. तसेच जुने शौचकूप व उकिरडे उकरून बाटल्या काढताना त्या कोणत्या थरात, कशासोबत सापडल्या याची नोंद न झाल्यास बाटली हाती येते, पण तिच्या वापरकर्त्यांविषयीचा पुरावा कायमचा नष्ट होतो. नोंदीविना झालेले संकलन संग्रहात भर घालते. इतिहासाच्या ज्ञानात त्याने फारशी भर पडत नाही.