चांदीमागचा पाषाण

आषाढीला पंढरपूर गाठणं सेलू तालुक्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला जमत नाही. पेरण्या, खुरपणी, पावसाची वाट; शेत सोडवत नाही. म्हणून कित्येक घरांची वारी चैत्रातली. ज्वारी घरात आली, हरभरा विकला की सेलूहून रेल्वेनं परभणी आणि पुढे परळी, लातूर, कुर्डुवाडी असा वळसा घालून निघायचं. 2024 साली नेमक्या याच दिवसांत विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवता आलं नाही.

मंदिराच्या जतन-संवर्धनाचा सुमारे 73 कोटींचा आराखडा. त्यातल्या गाभाऱ्याच्या कामासाठी 15 मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद झालं. मूर्तीभोवती काच बसवली गेली. पहाटे पाच ते सकाळी अकरा, एवढ्याच वेळात मुखदर्शन.

लोक हळहळले, आणि ते साहजिक होतं. या देवाशी माणसाचं नातं कपाळाचं आहे. सर्वांना मंदिरात जाता यावं म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात उपोषण करून प्राण पणाला लावले होते. पण याच स्पर्शानं पाषाण झिजतो. मूर्तीच्या पायांची झीज थांबावी म्हणून 2020 मध्ये वज्रलेप करावा लागला. मंदिरातल्या ‘चौऱ्याऐंशीच्या शिलालेखा’ची कथा तर जीव हळवा करते. 1273 ते 1277 या काळात देवळाला दान देणाऱ्यांची ती नोंद, रामदेवराव यादव आणि हेमाद्रीपंडिताच्या उल्लेखासह. त्यावर पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासल्या गेल्या आणि दात्यांची नावं पुसट होत गेली.

गाभाऱ्यातली चांदी, भिंतींवरचं ग्रॅनाइट हे सगळंही भक्तीनंच चढवलेलं. ते उतरवताना कुणाच्या तरी नवसाला हात लागतो, हे मान्य करूनच मी म्हणेन की काम योग्य होतं. चांदी निघाली आणि मागचा घडीव काळा पाषाण, खांबांवरची नक्षी उघडी पडली. मे महिन्याच्या अखेरीस मंदिरात एक तळघर सापडलं. त्यातून जुन्या मूर्ती, पादुका, नाणी बाहेर आली.

जुन्या वास्तूवर काही चढवताना फार जपावं लागतं. सेलू ज्या निजामी राज्यात होतं, त्याच राज्यानं 1920 च्या सुमारास अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे जाणकार बोलावले. सुटू लागलेले पापुद्रे त्यांनी भिंतीला धरून ठेवले, हे त्यांचं मोठं ऋण. पण वर दिलेला लाखेचा लेप काळानं पिवळा पडला आणि पुढच्या पिढीला तो काढत बसावं लागलं.

2 जूनला पदस्पर्श पुन्हा सुरू झाला. तोवर आमच्याकडे मृगाची चाहूल लागली होती. चैत्रात काचेआडून देव पाहून आलेले लोक बी-बियाण्यांच्या दुकानांत उभे होते. माघी आणि आषाढीच्या मधला काळ कामाला सोयीचा, हे पटतं. तोच काळ कोरडवाहू शेतकऱ्याच्या सवडीचा असतो, हेही हिशेबात धरायला हवं. निदान दर्शनाच्या बदललेल्या वेळा सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनांवर महिनाभर आधी ठळक लागाव्यात, आणि काय काम चाललं आहे हे दर्शनबारीतल्या माणसाला तिथंच कुणीतरी समजावून सांगावं. गंगाखेड तर जनाबाईचं गाव. तिथल्या माणसाला एवढं कळायलाच हवं.