संगणकाचा मंद वेग आणि त्याची चिकित्सा

देहूच्या भोंवतीं पाहिलें तर तळवडें, चाकण, भोसरी अशी कारखान्यांची वस्ती दूरवर पसरलेली आहे. तेथील लहानशा कारखान्यांतहि यंत्राच्या भागांचीं चित्रें आतां संगणकावरच काढितात. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं पालकांनीं पोटास चिमटा घेऊन आणलेला संगणक आहे. असें यंत्र मंद चालूं लागलें म्हणजे "प्रोसेसर गेला, नवें यंत्र घ्या," असा सल्ला पुष्कळदां ऐकूं येतो. तो मानला तर गरीब घरास कांहीं हजारांचा खड्डा पडतो. परंतु प्रोसेसर हा माणसाप्रमाणें वर्षावर्षानें थकत जाणारा भाग नव्हे. तो बिघडला तर बहुधा यंत्र चालतच नाहीं किंवा मधेंच बंद पडतें. तो नुसता मंद चालत असेल, तर त्याचें कारण प्रायः निराळें असतें. तें कसें शोधावें हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम वेग म्हणजे काय तें पाहूं. प्रोसेसराचें सर्व काम एका तालावर चालतें. सेकंदास शंभर कोटी ठोके पडले म्हणजे त्यास एक गिगाहर्ट्झ म्हणतात. १९७१ सालीं निघालेल्या इंटेल कंपनीच्या ४००४ या प्रोसेसराचा ताल सेकंदास ७ लक्ष ४० हजार ठोक्यांचा होता. आजच्या साध्या घरगुती यंत्राचा तीनशें कोटींच्याहि पुढें असतो. मात्र खोक्यावर पुष्कळदां दोन आंकडे असतात. लहान आंकडा हा मूळ वेग. तो यंत्रानें जड कामांतहि सांभाळावा अशी अपेक्षा असते. मोठा आंकडा हा थोडा वेळ, आणि बहुधा एकदोन गाभेच कामांत असतां, गांठावयाचा वेग होय. मोठा आंकडा सदोदित दिसत नाहीं म्हणून यंत्रास दोष देणें न्यायाचें नव्हे.

दुसरी गोष्ट अशी कीं, काम नसतां प्रोसेसर आपला ताल आपणच उतरवितो. विजेचा खर्च ठोक्यांच्या प्रमाणांत वाढतो, आणि विद्युद्दाबाच्या तर वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. दाब शंभराचा ऐंशी केला तर त्याच तालास लागणारा खर्च शंभराचा चौसष्टच उरतो. म्हणून रिकामें यंत्र ०.८ गिगाहर्ट्झ दाखवूं लागलें तर तो रोग नसून काटकसर आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीस येथून तुकोबांची पालखी निघते. विसाव्याच्या ठिकाणीं बसलेली दिंडी पाहून वारकऱ्यांस चालतां येत नाहीं असें कोणी म्हणेल काय? वेग मोजावयाचा तो काम चालू असतांनाच मोजला पाहिजे.

तो मोजण्याची रीत सोपी आहे. विंडोज प्रणालींत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबिल्या कीं टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत परफॉर्मन्स या सदराखालीं चालू वेग व मूळ वेग हे दोन्ही दिसतात. मग यंत्रास जड काम द्यावें. सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅमांतील बेंचमार्क ही चाचणी त्यास पुरेशी आहे. दहा मिनिटें ती चालूं द्यावी आणि दर मिनिटास वेगाचा आंकडा वहींत टिपावा. या टिपणांतून तीनपैकीं एक प्रकार बहुधा उघड होतो.

पहिला प्रकार : वेग आरंभापासूनच एका खालच्या आंकड्यावर खिळलेला असतो. याचा अर्थ प्रोसेसरास कोणीतरी तसा हुकूम दिलेला आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्स पाहावे. तेथें वीज वांचविण्याची योजना निवडलेली असेल, किंवा प्रोसेसराची कमाल मर्यादा शंभर टक्क्यांच्या खालीं असेल, तर ती बदलावी. तेवढ्यानें गुण न आल्यास बायोस मूळ स्थितीवर आणावें. यास एक पैसाहि लागत नाहीं.

दुसरा प्रकार : वेग आरंभीं चांगला असतो आणि पुढें उतरतो. तो मूळ वेगापर्यंत येऊन स्थिरावला तर काळजीचें कारण नाहीं. त्याच्याहि खालीं गेला तर उष्णतेचा संशय घ्यावा. पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास आपण होऊन मंद होतात, आणि त्यामुळें जळण्यापासून वांचतात. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅमानें हें उष्णतामान पाहतां येतें. समजा, जड कामांत प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षां ५५ अंशांनीं अधिक तापतो. डिसेंबरच्या सकाळीं खोली २० अंशांवर असतां तो ७५ अंशांवर राहील. मे महिन्यांत खोली ४० अंशांवर गेली कीं तोच ९५ वर पोंचेल. यंत्र तेंच, ऋतु मात्र बदलला! त्यांत आमच्या रस्त्यांची धूळ पंख्यावर व धातूच्या पात्यांमध्यें बसली कीं हें अंतर आणखी वाढतें.

यावर उपाय असा. यंत्र बंद करून विजेची तार काढावी, बाजूचें झांकण उघडावें, पंख्याचीं पातीं बोटानें धरून मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. प्रोसेसर व धातूचा उष्णताशोषक यांमधील लेप वाळला असल्यास मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं तो पुसून वाटाण्याहून लहान असा नवा थेंब लावावा. कांहीं क्षणांतच उष्णतामान शंभराकडे धांवत असेल, तर शोषक सैल बसला आहे किंवा पंखा फिरत नाहीं असें समजावें. उष्णतेची मर्यादा काढून टाकण्याचा उद्योग मात्र कोणीं करूं नये. ती मर्यादा यंत्राची शत्रु नसून राखणदार आहे.

तिसरा प्रकार : वेग सर्वकाळ उत्तम राहतो, तरी रोजचें काम रेंगाळतें. येथें प्रोसेसर निर्दोष आहे. टास्क मॅनेजरांत स्मृति भरलेली दिसेल, किंवा डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसेल. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क काढून सॉलिड स्टेट डिस्क बसविल्यानें अशीं अनेक यंत्रें पुनः कामास येतात, आणि नव्या संगणकाच्या मानानें हा खर्च थोडा असतो.

उष्णतेचा हा अडथळा मोठमोठ्या कारखानदारांसहि चुकला नाहीं. इंटेलनें २००४ सालीं ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढिला. ४ गिगाहर्ट्झचा काढण्याचा बेत त्याच सालीं सोडून दिला, आणि २००५ पासून एका प्रोसेसरांत दोन गाभे घालण्याचा मार्ग धरिला. अनेकांनीं मिळून काम वांटून घेण्याचें हेंच तत्त्व आमच्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालच्या परम ८००० या महासंगणकांत आधींच वापरलें होतें.

विद्यार्थ्यांनीं एक नियम ध्यानांत ठेवावा : एका वेळीं एकच बदल करावा, आणि बदलापूर्वींचा व नंतरचा आंकडा टिपून ठेवावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. मूळ वेग, कामांतील वेग, उष्णतामान आणि डिस्कचा भार हे चार आंकडे कागदावर लिहून मगच वडिलांबरोबर दुकानीं जावें. "प्रोसेसर गेला" असें तेथें कोणी म्हणाल्यास तो कागद पुढें करून, "कशावरून?" असें नम्रपणें विचारावें. त्या एका प्रश्नानें वडिलांची महिनाभराची कमाई वांचण्याचा पुष्कळ संभव आहे.