स्कॉटलंडांतील बटाट्याचा स्कॉन

गव्हाचें पीक जेथें भरवशाचें नसतें, अशा थंड व पावसाळी मुलखांत भाकरीची उणीव कशानें भरून काढावी, हा प्रश्न तेथील गृहिणींस पिढ्यान् पिढ्या सोडवावा लागलेला आहे. स्कॉटलंडांत त्याचें एक उत्तर म्हणजे ‘टॅटी स्कॉन’ होय. ‘टॅटी’ म्हणजे तेथील बोलींतला बटाटा. उकडलेला बटाटा, थोडा मैदा, लोणी व मीठ या चार जिनसांखेरीज त्यांत कांहीं नसतें. यीस्ट नाहीं, अंडें नाहीं, साखर नाहीं. इतकी साधी वस्तु. तथापि ती बिघडविणें फार सोपें आहे, आणि ती बिघडते ती पुष्कळदां चुलीपाशीं नव्हे, तर शेतांत किंवा बाजारांत. म्हणूनच शेतकऱ्यांच्या मासिकांत तिची कृति देण्यास संकोच वाटत नाहीं.

हा स्कॉन ज्यावर भाजतात तें साधन तेथें बटाट्याहूनहि जुनें आहे. त्यास ‘गर्डल’ म्हणतात. जाड लोखंडाची सपाट वाटोळी थाळी व तिच्यावर बादलीच्या कडीसारखी कमानदार कडी, असें त्याचें स्वरूप. ती कडी आंकड्यास अडकवून गर्डल विस्तवावर टांगीत असत. फाइफ परगण्यांतील कूरॉस गांवच्या लोहारांस गर्डल घडविण्याचा खास हक्क सहाव्या जेम्स राजानें १५९९ मध्यें दिला होता. गरिबाच्या घरीं भट्टी नसे. ओट व जव यांच्या पिठाच्या भाकऱ्या गर्डलवरच भाजल्या जात. पुढें बटाटा आला, तो या तयार साधनावर येऊन बसला.

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतांतला हा कंद स्कॉटलंडच्या शेतांतून अठराव्या शतकाच्या मध्यापासून पसरूं लागला. ओलसर व निकस जमिनींतहि तो येतो, किनाऱ्यास लागलेलें समुद्रांतील शेवाळ खत म्हणून घातलें तरी त्यास पुरतें, आणि थोड्या जमिनींत तो पुष्कळ तोंडें पोसतो. माझें आयुष्य जमीनमहसुलाचीं दप्तरें लिहिण्यांत गेलें असल्यामुळें या शेवटच्या गुणाकडे मी जरा संशयानें पाहतों. थोड्या जमिनींत कुटुंब जगतें असें एकदां दिसलें, कीं जमीनदार त्याच्याकडे थोडीच जमीन राहूं देतो. उत्तरेकडील व पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांत तेंच घडलें. मेंढ्यांच्या कुरणांसाठीं कुळांस आंतल्या खोऱ्यांतून उठवून किनाऱ्यावरील लहान लहान तुकड्यांवर बसविण्यांत आलें, आणि त्या तुकड्यांवर बटाट्यावांचून पोट भरणें शक्य नव्हतें. १८४६ मध्यें तेथें उशिराचा करपा आला. एका हंगामांत शेतेंच्या शेतें काळीं पडलीं. दुष्काळाची झळ सुमारें दहा वर्षें राहिली आणि हजारों माणसें कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथें निघून गेलीं. कुळाला जमिनीवरून उठवितां येऊं नये व त्याला वाजवी खंड ठरवून मिळावा, यासाठीं १८८६ चा कायदा व्हावा लागला.

आज टॅटी स्कॉन हा न्याहारीचा आवडीचा पदार्थ आहे. परंतु बटाटा होता म्हणून जेवण होतें, अशा घरांचें वळण त्याला लागलेलें आहे. पीठ विकतचें व बटाटा परड्यांतला. म्हणून बटाटा पुष्कळ व पीठ बेताचें. हें प्रमाण ज्यानें मोडलें त्यानें स्कॉन केला नाहीं, जाड पोळी केली.

आतां पीठ बेताचें ठेवावयाचें, तर बटाटा कोरडा पाहिजे. बटाट्याच्या ढोबळ मानानें दोन जाती: पिठूळ व चिकट. पिठूळ बटाट्यांत स्टार्च अधिक असतो. उकडल्यावर त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात व तो रव्यासारखा मोकळा फुटतो. चिकट बटाट्यांत पाण्याचा अंश जास्त. भाजींत त्याच्या फोडी शाबूत राहतात, पण स्कॉनच्या गोळ्यांत तो पीठ ओढीत राहतो. आरब्रोथ येथून १९०६ मध्यें बाजारांत आलेली ‘गोल्डन वंडर’ ही स्कॉटिश जात कोरडेपणासाठीं नांवाजलेली आहे. साल जाड, खरखरीत व तपकिरी. आंत मात्र पीठच पीठ. १९१७ पासून ‘कर्स पिंक’ या नांवानें विकली जाणारी गुलाबी सालीची जातहि याच वर्गांतली. परंतु ‘गोल्डन वंडर’चें उत्पन्न बेताचें, आणि धुतलेला, गुळगुळीत, एकसारख्या आकाराचा बटाटा मागणाऱ्या दुकानदारास तिचें रूप पसंत पडत नाहीं. त्यामुळें तेथील गिऱ्हाइकास केंब्रिजला तयार झालेली ‘मारिस पायपर’ सहज मिळते, आणि ‘गोल्डन वंडर’ हें नांव पुष्कळांना १९४७ मध्यें एडिंबरोस निघालेल्या बटाट्याच्या कापांच्या कंपनीमुळेंच ठाऊक असतें! यांत शेतकऱ्यास दोष देतां येत नाहीं. त्याला एकरीं वजनाचे पैसे मिळतात, पिठूळपणाचे मिळत नाहींत. पण जो घरच्या खाण्यापुरत्या दोन सऱ्या वेगळ्या लावूं शकतो, त्यानें तरी वजन पाहूं नये, असें मला वाटतें.

आपल्या हातांतला बटाटा कोणत्या प्रकारचा हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. अकरा वाट्या पाण्यांत एक वाटी मीठ विरघळवावें व त्यांत बटाटा सोडावा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिकट. शीतगृहांतून नुकताच काढलेला बटाटा शक्य तों घेऊं नये; फार थंडींत त्यांतील स्टार्चची साखर होते व स्कॉन शिजण्यापूर्वींच काळपट पडतो. असा माल दोन-तीन आठवडे घरांत, पण अंधाऱ्या जागीं ठेवला म्हणजे बराच सुधारतो. उजेडानें हिरवा झालेला बटाटा मात्र खाण्यांत मुळींच आणूं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. अर्धा किलो बटाट्यास १०० ते १२५ ग्रॅम मैदा, ४० ते ५० ग्रॅम लोणी व एक लहान चमचा मीठ पुरें. बटाटे सारख्या आकाराचे निवडून सालीसकट उकडावे. साल फाटली कीं पाणी आंत शिरतें, म्हणून फडफडून उकळूं नये. कुकर वापरणाऱ्यांनीं बटाटे पाण्यांत न ठेवतां वाफेवर ठेवावे. शिजल्यावर पाणी पूर्ण ओतून टाकावें, रिकामें भांडें बटाट्यांसह पुनः मंद आंचेवर दोन-तीन मिनिटें ठेवावें, व वर स्वच्छ फडकें टाकावें. हें फडकें वाफ टिपून घेतें. घाईंत असलेली माणसें हीच पायरी गाळतात, आणि मग दोन मुठी पीठ जास्त घालतात.

साल काढून बटाटे गरम असतांनाच पुरणयंत्रांतून काढावे किंवा कुसकरावे. गुठळी राहिली तर लाटतांना तेथेंच फाटेल. लोणी व मीठ त्यांतच घालावें. मग मैदा दोन वेळां थोडा थोडा मिसळावा आणि गोळा जमला कीं हात आवरावा. मोदकाची उकड जितकी मळावी तितकी चांगली; येथें नेमकें उलट आहे. बटाटा फार मळला तर पेशी फुटून स्टार्च बाहेर येतो व गोळ्याची खळ होते. तसेंच गोळा ठेवून देऊं नये. निवत गेला कीं तो ओला व चिकट होतो.

पोळपाटावर पीठ भुरभुरून गोळा अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित कमी जाडीचा, वाटोळा लाटावा, व सुरीनें अधिक-चिन्हासारखा कापून त्याचे चार भाग करावे. अशा चतकोरास तेथें ‘फार्ल’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थहि चौथा हिस्सा असाच आहे. कांट्यानें टोचे मारावे, म्हणजे फोड येत नाहींत. तव्याची आंच पाहण्यासाठीं त्यावर चिमूटभर मैदा टाकावा. मिनिटभरानें तो बदामी झाला तर आंच बरोबर, लगेच काळा पडला तर तवा निववावा. आमच्या घरीं हें काम जाड बिडाच्या तव्यावर होतें, आणि तो गर्डलची उणीव भासूं देत नाहीं. तव्यास तुपाचा नुसता हात लावावा व दोन्ही बाजूंनीं तीन-चार मिनिटें, तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजावें.

कित्येक जण हलकेपणासाठीं बेकिंग पावडर घालतात. माझ्या मतें ती अनावश्यक आहे. स्कॉन फुगावयाचा नसतो, मऊ राहावयाचा असतो. मैद्याऐवजीं जवाचें पीठ घालण्याची जुनी रीत मात्र अवश्य करून पाहावी. चव खमंग येते. आदल्या दिवशींचे उरलेले बटाटे चालतात, पण ते वाफेवर ऊन करून घ्यावे. आयर्लंडच्या उत्तर भागांतहि हाच पदार्थ थोड्याफार फरकानें करतात व त्यास बटाट्याचा पाव म्हणतात.

तव्यावरून काढलेले स्कॉन एकमेकांवर ठेवून फडक्यांत गुंडाळावे. उघडे राहिले तर कडा वाळतात. गरम असतांना वर लोणी फांसून व सुरळी करून खाण्याची रीत जुनी आहे. बहुतेक स्कॉटिश घरांत मात्र ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं थोड्या चरबींत किंवा लोण्यांत परतून अंडीं व डुकराच्या खारविलेल्या मांसाबरोबर वाढतात. कामावर जाणारा मनुष्य तोच स्कॉन पावांत घालून, वर तळलेलें अंडें ठेवून, कागदांत गुंडाळून नेतो. शाकाहारी घरांत लोणी व लसणीची चटणी यांवर भागतें. तीं दोन्ही नसलीं तरी गरम स्कॉन नुसताहि संपतो.