पोटॅशियम चढेना? मॅग्नेशियम बघा
पोटॅशियमचं औषध घेऊनही रिपोर्टातला आकडा ३.१च्या वर सरकत नाही (हवा साधारण ३.५ ते ५), रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि कारण काही सापडत नाही. अशा वेळी डॉक्टरांना मॅग्नेशियमबद्दल विचारा. ते कमी पडलं की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही, लघवीवाटे सोडून देतं. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट तपासणीत मात्र बहुधा सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच असतं. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं चालणारी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळीही मॅग्नेशियम उतरवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच तसा इशारा दिला होता. आणि हो, नारळपाण्याचा शेजारधर्मी सल्ला सगळ्यांना मानवत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर नारळपाण्याने पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. छातीत धडधड, भोवळ किंवा हातापायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.