शून्य की ‘माहीत नाही’?

समजा, सोलापूरच्या एका शाळेत मुले पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी ठेवतात. एका आठवड्यात पाऊस पडलाच नाही. सातही नोंदी शून्य. पुढच्या आठवड्यात शाळेला सुटी. एकही नोंद नाही. आता दोन्ही आठवड्यांची रोजची सरासरी काढू. पहिलीचे उत्तर शून्य. दुसरीचे? बेरीज शून्य, नोंदीही शून्य. म्हणजे ० भागिले ०. इथे कोणी सोयीसाठी शून्य लिहिले, तर न मोजलेला आठवडा कोरडा ठरेल. अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही चूक किरकोळ नव्हे.

सरासरी, वर्गमूळ, समीकरणाची उकल अशा तयार रीतींचा संच म्हणजे गणिती लायब्ररी. ती लिहिणाऱ्यापुढे हाच प्रश्न असतो : उत्तर नसेल तेव्हा काय द्यायचे?

१९९५ साली आलेल्या जावा भाषेत पूर्णांकाला शून्याने भागले, की काम तिथेच थांबते आणि ‘अपवाद’ फेकला जातो. तो झेलून पुढे काय करायचे, हे काम सांगणाऱ्या प्रोग्रॅमने ठरवायचे. दशांश संख्यांचे तसे नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाला अनुसरून १.० भागिले ०.० चे उत्तर येते ‘अनंत’. त्यात ५ मिळवले तरी ते अनंतच राहते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास शून्य छेदाच्या राशीला ‘खहर’ म्हटले, तीही अशीच न बदलणारी. मात्र ०.० भागिले ०.० चे उत्तर येते ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’.

हा नॅन गुपचूप पुढे सरकतो. क्ष² + १ = ० हे समीकरण न्यूटनच्या रीतीने सोडवून पाहा. त्याला वास्तव उकल नाही. १ पासून सुरुवात केली, तर पुढची किंमत ०, नंतर उणे अनंत आणि मग नॅन. ‘लागोपाठच्या दोन किमतींतील फरक ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा आहे तोवर चालू ठेव’ अशी सूचना असेल, तर गंमत होते. नॅन कशाहीपेक्षा मोठा नसतो. म्हणून फेरी थांबते आणि उत्तर सापडल्याचा भास होतो!

यावर उपाय तीन. प्रश्नच चुकीचा असेल, उदाहरणार्थ रिकाम्या यादीची सरासरी, तर आकडेमोडीपूर्वीच अपवाद फेकावा. प्रश्न बरोबर असून ठरलेल्या फेऱ्यांत उत्तर मिळाले नाही, तर वेगळा अपवाद फेकावा. त्यात किती फेऱ्या झाल्या आणि शेवटची किंमत काय, हे सांगावे. म्हणजे वापरणाऱ्याला दुसरी सुरुवात घेता येते. आणि लायब्ररीने अपवाद स्वतःच झेलून दडपू नये. त्या आठवड्याची नोंद वगळायची की शेजारच्या गावाची घ्यायची, हे लायब्ररीला कसे कळणार?

वर्गात या दोन आठवड्यांचा तक्ता फळ्यावर मांडा. रिकाम्या चौकटीत मुले काय लिहितात ते पाहा. ‘०’ आणि ‘—’ यांतला फरक ज्याला कळला, त्याला अपवाद कशासाठी असतो हेही कळले.